पेट्युनिया लावलेली होडी

माझ्या भावाला, लेमला, 'नाही' म्हणता येत नाही. बायकोला म्हणता आलं नाही, कुत्र्याला आलं नाही, आणि उन्हाळ्यात फिलाडेल्फियाहून आमच्या खाडीकाठी येऊन राहणाऱ्या बंगलेवाल्या बायांना तर नाहीच नाही. भीड ही भिकेची बहीण, असं आमची आई त्याला तोंडावर म्हणायची. तो हसायचा आणि तिने सांगितलेलं काम करायला उठायचा. मी त्याची थोरली बहीण, हॅटी. धक्क्यावर माझं दुकान आहे, एका बाजूला गळाचं आमिष आणि दुसऱ्या बाजूला कॉफी-अंडी. त्यामुळे गावात कोण काय बोलतं ते मला विचारत फिरावं लागत नाही. लेमबद्दल गाव कधी वाईट बोललं नाही. हसलं मात्र पोटभर, आणि हसणाऱ्यांत मीही होते.

तरुणपणी त्यानं आमच्याकडचे पुरुष करतात ते सगळं केलं. उन्हाळ्यात लांब दांड्याच्या दाताळ्यानं खाडीच्या तळातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, ओढल्या, हिवाळ्यात बदकं मारली, मधल्या दिवसांत खऱ्या बदकांना भुलवायला लाकडी बदकं कोरली. मग नेल बर्डसॉलशी लग्न केलं. नेल चांगलीच होती, पण लेमला जास्त भारी वाटायचं ते तिच्या बापाचं. हिरम बर्डसॉल म्हणजे आमच्या खाडीतला होड्या बांधणारा. बाकीचेही बांधायचे, पण विचारलं की लोक हिरमकाकांचं नाव घ्यायचे.

बदकांच्या शिकारीची आमची होडी अगदी ठेंगणी. पाण्यावर वीतभर दिसेल न दिसेल. वरून सगळी झाकलेली, मधोमध एक माणूस पाठीवर आडवा होईल एवढीच मोकळी जागा. वर दलदलीतलं वाळकं गवत पसरायचं, पुढे लाकडी बदकं सोडायची आणि तोंड मिटून थंडीत पडून राहायचं. वरून जाणाऱ्या बदकाला ते गवताचं ढेकूळ वाटलं पाहिजे. लाकूड सीडरचं, पातळ आणि हलकं, म्हणजे एकट्या माणसाला चिखलावरून ओढता येतं.

हिरमकाका झाड निवडायला स्वतः सीडरच्या पाणथळ रानात जायचे. त्यांच्या फळीत गाठ नसायची. बाकीचे लोक गाठीची फळी घेत, गाठ पोखरून काढत आणि त्या जागी लाकडाचं गोल बूच ठोकत. त्यात पाप काही नाही. रंग दिला की दिसतही नाही, होडी वर्षानुवर्षं चालते. पण हिरमकाकांना ते खपायचं नाही. अमोस गॅस्किल नावाचा त्यांच्याहून खूप लहान एक जण होड्या बांधायला लागला, त्याच्या होड्यांना अशी बुचं असत. "अमोस होडी बांधत नाही, सदरा शिवतो," असं हिरमकाका चारचौघांत म्हणायचे. "बघा, किती बटणं लावलीत." अमोसच्या होड्यांना बटणांच्या होड्या हे नाव पडलं ते पडलंच. अमोसचे केस पिकले, त्याला नातवंडं झाली, तरी धक्क्यावर त्याची होडी लागली की कुणीतरी आपल्या सदऱ्याचं बटण चाचपून दाखवायचं. तो बिचारा हसण्यावारी न्यायचा.

लेमच्या लग्नात हिरमकाकांनी त्याला होडी दिली. ज्या हिवाळ्यात ती बांधली त्याच हिवाळ्यात त्यांची बायको मार्था अंथरुणाला खिळली आणि थंडी सरायच्या आत गेली. दिवसा होडी आणि रात्री बायकोच्या उशाशी, असे त्यांचे ते महिने गेले. लेमनं त्या होडीतून कितीतरी हिवाळे काढले. पुढे नेल गेली. डोळे अधू झालेले हिरमकाका मुलाकडे मेरीलँडला राहायला गेले. खाडीत तिसऱ्या कमी झाल्या. लेमनं ॲल्युमिनियमची एक मोटरहोडी घेतली आणि पोटासाठी बंगल्यांच्या किल्ल्या सांभाळायला लागला. हिवाळ्यात नळांतलं पाणी काढायचं, उन्हाळ्यात गवत कापायचं, बाईसाहेब आल्या की टोपी काढायची. सीडरची होडी त्याच्या पडवीमागे उपडी पडून सुकत राहिली.

तिथे ती बंगलेवाल्या मिसेस विटकॉमच्या नजरेला पडली. ही बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तिला जे आवडायचं ते ती आवडलं म्हणायची, एवढंच. "काय गोड आहे ही," ती म्हणाली. "माझ्या अंगणात किती शोभेल. फुलं लावीन मी हिच्यात." लेमनं काय म्हणावं? म्हणाला, "न्या की." पैसेसुद्धा मागितले नाहीत. स्वतःच्या ट्रकमधून पोचवली, माती आणून भरायची तयारी केली. मग बाई म्हणाली, पाणी साचून मुळं कुजतील, तळाला भोकं लागतील. लेमनं होडी उपडी केली, गिरमिट आणलं, आणि ती बुटाच्या टोकानं दाखवत गेली तिथे तिथे, एक इथे, एक तिथे, असा भोकं पाडत गेला. हे त्यानंच मला सांगितलं. तेव्हा मी म्हटलं, "अरे, होडीला भोक पाडताना तुझा हात कसा चालला?" तर म्हणतो, "त्या उभ्याच होत्या ना तिथं."

तिचं अंगण हमरस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हिरम बर्डसॉलची होडी दिसायची, जांभळ्या-गुलाबी पेट्युनियांनी भरलेली. माझ्या दुकानात सकाळी कॉफीला जमणारे लोक लेम आला की सुरू व्हायचे.

"काय लेम, यंदा बदकं मारणार का फुलपाखरं?"

"नाही रे, तो आता मध गोळा करतो."

"हॅटी, तुझ्या भावाला विचार, भरतीला पेट्युनिया कोणत्या दिशेला वळतात."

लेम कपात तोंड घालायचा. त्याचे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, बरं झालं, एकदा खोड मोडेल. पण जित्याची खोड, ती कशी जाते.

एका वसंतात मेरीलँडहून फोन आला. नेलच्या भावाची बायको आजारी, उन्हाळा सरला की घरात म्हाताऱ्याचं करायला कुणी नसेल. लेम म्हणाला, इकडे पाठवा. मग हिरमकाका स्वतः फोनवर आले. त्यांचे डोळे आता पार गेले होते, आवाज मात्र तोच, धक्क्याच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा.

"येतो," ते म्हणाले. "पण एक ऐक. मोसमाच्या पहिल्या दिवशी मला होडीत निजव. बंदूक नको, दिसत नाही मला. फक्त निजव आणि बदकं ऐकू दे. होडी आहे ना रे?"

"आहे की, पॉप," लेम म्हणाला.

फोन ठेवून तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हटलं, "खरं सांगून टाक. अजून म्हातारा यायचाय, तिकडेच रागावेल आणि विसरेल." तो म्हणाला, "हॅटी, ती त्यांनी नेलच्या लग्नात दिली होती." मला काय ते ठाऊक नव्हतं? पण त्याला ते तेव्हाच ठाऊक झाल्यासारखा तो बोलत होता.

मिसेस विटकॉमकडे होडी परत मागायला तो टोपी हातात घेऊन गेला. ती लगेच हो म्हणाली, वर म्हणाली, "अय्या, आधी सांगायचंत ना." पण या वर्षीची फुलं आत्ताच लावलीत, तेवढी सरली की न्या. आता फुलांना पाणी कोण घालणार? तिच्या बागेला पाणी घालायचं काम लेमचंच होतं. तो अख्खा उन्हाळा माझा भाऊ रोज संध्याकाळी झारी घेऊन सासऱ्याच्या होडीत पाणी ओतत होता, रस्त्याकडे पाठ करून. मी एकदा तिथून गाडीनं गेले तर त्यानं मला ओळख दाखवली नाही. मीही हॉर्न वाजवला नाही.

फुलं सुकली तेव्हा त्यानं होडी घरी आणली आणि पडवीत लाकडी घोडीवर चढवली. मी बघायला गेले. माती काढली तर आत गांडुळं, मुळांचं जाळं आणि एक चमचा. मला वाटलं तळ कुजून गेला असेल. पण सीडर पाण्याला भीत नाही. माती खरवडून, धुऊन, वाळवल्यावर फळ्या आतून पिवळसर, घट्ट निघाल्या आणि पडवीभर त्यांचा वास सुटला. फासळ्याही शाबूत होत्या. लेमनं एक फळी अंगठ्यानं दाबून बघितली, मग पुन्हा एकदा दाबून बघितली. लाकूड खराब निघालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

मग मात्र तो कामाला लागला तो मान वर न करता. वरचा जुना रंग पापुद्र्या-पापुद्र्यानं उतरवला. फळ्यांच्या फटींतून जुना कापूस आकड्यानं ओढून काढला आणि नवा ठोकून बसवला, फार घट्टही नाही, कारण सुकलेल्या फळ्या पाण्यात फुगतात आणि जागा नसली तर एकमेकींना ढकलून खिळे उपटतात. वल्ह्यांच्या कड्या घासल्या. आणि भोकांना सीडरचीच गोल बुचं कापून, गोंद लावून, हलक्या हातानं ठोकली, तासली, घासली. वर वाळक्या गवताच्या रंगाचे हात दिले. उभं राहून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी त्याला तसं म्हटलंसुद्धा. आंधळ्या माणसापासून लपवलेलं काम दिसत नाही याचा आम्ही दोघं आनंद मानत होतो, इतकी आमची अक्कल.

हिरमकाका आले ते बसमधून उतरल्या-उतरल्या नाक वर करून म्हणाले, "ओहोटी आहे." गाव त्यांना भेटायला लोटलं. पहिल्या दिवशी माझ्या दुकानात त्यांना बसवून सगळ्यांनी कॉफी पाजली आणि पेट्युनियाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी तसं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज लेमला टोचून खाणारे लोक आपणहून गप्प झाले. अळीमिळी गुपचिळी. मला त्यांचं कौतुक वाटलं त्या दिवशी.

सुकलेली होडी मोसमाच्या आधी काही दिवस ओढ्यात बुडवून ठेवायची, म्हणजे फळ्या फुगून फटी मिटतात. बुडवायच्या आधी आमच्याकडे एक रीत आहे. ज्यानं होडी बांधली तो हयात असेल तर उपड्या तळावरून हात फिरवून थाप मारतो, मगच ती पाण्यात जाते. लेमच्या पडवीबाहेर पंधरा-वीस पुरुष जमले होते. अमोसही होता, मागे उभा. मी पावाची टोपली घेऊन आले होते. लेमनं सासऱ्याचा हात धरून तळावर ठेवला.

हिरमकाकांचा हात नाळेकडून, होडीच्या पुढच्या टोकाकडून, निघाला. मोठा, सुजऱ्या सांध्यांचा हात, पण फिरत होता तो झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरावा तसा. चेहऱ्यावर हसू होतं. मग हात थांबला. एक बोट मागे आलं, गोल फिरलं. पुढे सरकलं, पुन्हा थांबलं, पुन्हा गोल फिरलं. दोन दिवस दव पडलं होतं, बुचं फुगून केसभर वर आली असणार. आमच्या डोळ्यांना कधी दिसली नसती.

"हे काय?" ते म्हणाले. "बुचं आहेत ही."

मी लेमकडे बघितलं. तो माझ्या टोपलीकडे बघत होता.

"लेम, बुचं आहेत ना?"

"हो, पॉप."

मी मनात म्हणत होते, आता बोल. पुढचं वाक्य बोल आणि मोकळा हो. तेवढ्यात म्हाताराच बोलला, अगदी हळू.

"म्हणजे मी गाठींचं लाकूड वापरलं."

दोन्ही हातांनी ते तळ चाचपत राहिले, बुचं शोधत. "तो हिवाळा मला नीट आठवत नाही," ते म्हणाले. "मार्था आत निजलेली असायची. मी बाहेर काय करत होतो, देव जाणे. मिळेल ती फळी घेतली असणार. गाठी काढल्या, बटणं लावली, वर रंग फासला. आणि ही पोरीच्या नवऱ्याला दिली. लग्नात दिली."

आता इथे आम्ही वीस माणसं उभी होतो. प्रत्येकानं ती होडी फुलांनी भरलेली बघितली होती. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. पण जो तो लेमकडे बघत होता, हे सांगायचं काम त्याचं, म्हणून. आणि लेम आपल्या बुटांकडे बघत होता. मी पावाच्या टोपलीवरचं फडकं नीट केलं. दोनदा केलं.

हिरमकाकांनी थाप मारली नाही. हात खिशात घातले. "बुडवायची तर बुडवा," ते म्हणाले. "मी नाही निजायचा तिच्यात. लेम, तू इतकी वर्षं बोलला नाहीस मला. भला माणूस आहेस. मला आत ने."

भला माणूस. ते ऐकून लेमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं होडी ओढ्यात बुडवली, पण त्या दिवसापासून म्हातारा घरात बसून राहिला. दुकानात येईना. जेवताना मधेच चमचा ठेवून म्हणायचा, "नेलला ठाऊक होतं का रे?" लेम म्हणायचा, "नाही, पॉप." मी त्याला स्वयंपाकघरात गाठून झापलं. म्हटलं, "मेल्या, तू काय त्याला असाच मरू देणार आहेस?" तो म्हणाला, "आज सांगतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, आज सांगतो. आधी सांगितलं असतं तर एकच लाज होती. आता त्यावर दुसरी चढली होती, आणि रोज एक नवी चढत होती. मी तरी सांगायचं? सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, नवराबायकोच्या आणि सासराजावयाच्या मधे आपण पडू नये. असली शहाणपणाची वाक्यं माणसाला नेमकी वेळेवर सुचतात.

मोसम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आगबंबवाल्यांच्या हॉलमध्ये सगळ्या शिकाऱ्यांचं जेवण असतं. तिसऱ्यांचं दाट सार, पाव, भाजलेलं बदक. हिरमकाका म्हणाले, मला हॉलवर नको, आधी अमोसकडे घेऊन चला. लेमच्या ट्रकमध्ये आम्ही तिघं बसलो, मी मधे अवघडून.

अमोस हॉलवर जायलाच निघाला होता, स्वच्छ सदरा घालून. दारात हिरम बर्डसॉलला बघून तो दचकला. आयुष्यात कधी ते त्याच्या दारी गेले नव्हते. लेमनं एका बाजूनं धरलं होतं, मी दुसऱ्या. हिरमकाकांनी टोपी काढली.

"अमोस, मी जन्मभर तुझ्या होड्यांना बटणांच्या म्हणालो."

"म्हणालात खरे, हिरमकाका."

"माझ्याच होडीला बटणं निघाली. तीही लेकीच्या लग्नातल्या. तू त्या दिवशी तिथं होतास म्हणे, ऐकलंस. चारचौघांत तुझी चेष्टा केली, तर माफी दारात येऊन मागायला हवी. मागतो."

अमोसनं लेमकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी त्याच्या छपराची पन्हळ बघत होते. वारा म्हाताऱ्याचे उरलेसुरले केस उडवत होता आणि त्यांनी टोपी छातीशी धरली होती. अमोसनं क्षणभर ओठ हलवले, मला वाटलं हा बोलणार. पण तो म्हणाला, "होतं असं, काका. त्या वर्षी चांगलं लाकूड मिळतच नव्हतं." आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थोपटलं. त्या थोपटण्यात त्याला जरा गोडी लागली होती, हे मला दिसलं. माझ्या जागी कुणालाही दिसलं असतं. जन्मभर ज्यानं आपल्याला खाली बघायला लावलं, त्याला थोपटायला मिळणं म्हणजे काय, ते मी समजू शकते. म्हणून ते बरोबर होत नाही.

निघालो. दलदलीच्या रस्त्याला लागल्यावर लेमनं ट्रक कडेला घेतला.

"काय झालं?" हिरमकाका म्हणाले.

"पॉप, त्या गाठी नव्हत्या."

"मग काय होतं?"

"भोकं होती. मी पाडलेली."

"होडीच्या तळाला? कशासाठी?"

"पाणी जायला. फुलांचं." आणि मग त्यानं एका दमात सगळं ओकून टाकलं, मिसेस विटकॉम, माती, गिरमिट, बुटाचं टोक, झारी. बोलताना तो समोरच्या काचेकडे बघत होता आणि त्याचं नाक वाहत होतं. साठीचा माणूस, नाक पुसायचंही भान नाही. मी जीव मुठीत धरून बसले. म्हाताऱ्यानं कानाखाली लगावली असती तर ती माझ्यावरून जाऊन लागली असती.

हिरमकाकांनी मांडीवरची टोपी एकदा गोल फिरवली. मग म्हणाले, "लाकूड कसं होतं?"

"काय?"

"अरे गाढवा, गिरमिट घातलंस तेव्हा लाकूड कसं लागलं? मधे गाठ लागली का कुठं?"

"नाही, पॉप. एकसारखं होतं. लोण्यासारखं."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

"लोण्यासारखं," म्हातारा म्हणाला, आणि माझ्या गुडघ्यावर एवढ्या जोरात थाप मारली की मी कळवळले. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. फुलांबद्दल एक शब्द नाही, लेमवर राग नाही. लेमला तो राग हवा होता, हे मला त्याच्याकडे बघून कळत होतं. मार खाऊन सुटला असता बिचारा. "गाडी वळव," हिरमकाका म्हणाले. "अमोसकडे. माझी माफी परत घ्यायचीय."

अमोसच्या घरी अंधार होता. तो हॉलवर गेला होता. तेव्हा आम्हीही हॉलवर गेलो.

आत सगळं गाव बसलेलं होतं, सार वाढलं जात होतं. म्हाताऱ्याला बघून टाळ्या पडल्या. ते बसेनात. लेमनं त्यांचा दंड धरून ठेवला, कारण दमल्यावर धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नसे.

"ऐका रे," ते म्हणाले, त्या धक्क्यावरच्या आवाजात. "माझ्या होडीत एकही गाठ नव्हती. ती भोकं माझ्या या शहाण्या जावयानं पाडली. फुलं लावायला. त्या बंगलेवालीच्या अंगणात. लेम, सांग त्यांना."

लेमनं हात सोडला असता तर म्हातारा पडला असता. त्यानं तो सोडला नाही. "खरं आहे," तो म्हणाला. "मी पाडली. त्यांचं लाकूड स्वच्छ होतं." मी त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"अमोस कुठाय? ऐकलंस का, अमोस?"

हॉलमध्ये चमच्याचाही आवाज नव्हता. हिरमकाका मान इकडे-तिकडे वळवत होते, हसत, कुणीतरी हसण्याची वाट बघत. अशी गोष्ट, अंगणातल्या होडीत फुलं, कुणीही हसायला हवं होतं. त्यांचं हसू हळूहळू बारीक झालं.

"कुणी बोलत का नाही?"

अमोस उठला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "काका," तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुम्ही दारात आलात तेव्हाही."

म्हातारा त्याच्या आवाजाकडे तोंड करून उभा राहिला. मग विचारलं, "आणखी कुणाला माहीत होतं?"

मीच आधी बोलले. शेजारीच उभी होते, लपायला जागा नव्हती. "मला, हिरमकाका." मग खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं, मला. मग सार वाढणारी बाई म्हणाली. मग मागच्या टेबलावरून दोघं एकदम. प्रत्येक आवाजाला ते तिकडे तोंड वळवत होते, आणि आवाज ओळखत होते, कारण त्यांच्या ओठांवर एकेकाचं नाव येत होतं. हॉलच्या दारापर्यंत ते असंच गेलं.

"म्हणजे मी तिथं होडीवर हात ठेवून उभा होतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही सगळे बघत होतात."

त्यांनी टोपी घातली, ती तिरकी बसली, लेमनं सरळ केली.

"तर मग खरं सांगणारा अख्ख्या गावात हा एकच गाढव निघाला," हिरमकाका म्हणाले. "चल, लेम. पहाटे उठायचंय. मला होडीत निजवायचंस."

ते दोघं सावकाश चालत बाहेर गेले. दार धरायला कुणी उठलं नाही, मीसुद्धा नाही. सार गार झालं होतं. तरी आम्ही सगळे ते खात बसलो, ताटलीतून डोळे न काढता, कारण मान वर केली असती तर शेजाऱ्याचं तोंड दिसलं असतं.